यजमान गवई

पंडित मोतीराम १९३४ साली हैदराबादेत वारले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या दरबारी राजगायक म्हणून त्यांची नेमणूक व्हायची होती, आणि ज्या दिवशी ती व्हायची नेमक्या त्याच दिवशी ते गेले. थोरला मुलगा मणिराम गाण्यात तयार झालेला होता. धाकटा जसराज अवघा चार वर्षांचा. या धाकट्याने पुढे १९७२ साली याच शहरात वडिलांच्या स्मरणार्थ संगीत समारोह सुरू केला. नोव्हेंबरच्या अखेरीला होणारा हा समारोह आता ‘पंडित मोतीराम पंडित मणिराम संगीत समारोह’ या नावाने ओळखला जातो. त्याला तिकीट नसतं.

ज्यांनी कधी एखाद्या नामवंत कलाकाराची ‘तारीख’ मिळवण्यासाठी खेटे घातले आहेत, त्यांना यातली खरी गोष्ट लगेच कळेल. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे मैफलींचा हंगाम. गवयाची वर्षाची बरीचशी कमाई याच दोन-तीन महिन्यांत होते. जसराजांसारखा गायक, ज्याला देशापरदेशातून बोलावणी, तो ऐन हंगामातले दिवस वर्षानुवर्षं एका शहरासाठी बाजूला काढत असे, बरोबरीच्या कलाकारांना आपण होऊन बोलावत असे आणि यजमान म्हणून दारात उभा राहत असे. हा व्यवहार राजाश्रयाचा नव्हे आणि तिकीटबारीचाही नव्हे. पुढच्या पानांत ज्यांची ओळख करून दिली आहे ते वादक असलाच व्यवहार करतात, फक्त कोपनहेगन, बर्गेन, कुहमो अशा गावांतून. म्हणून उत्तर युरोपातल्या चेंबर संगीतावरच्या पुस्तकाची प्रस्तावना मी हैदराबादेपासून सुरू करतो आहे.

चेंबर संगीत म्हणजे काय, हे आधी सांगून टाकतो. दोन ते आठ-दहा वादक, प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र ओळ, आणि समोर काठी हलवणारा संचालक नाही. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो असा चौघांचा ताफा हा त्यातला सर्वांत प्रतिष्ठित प्रकार. सुरुवात कुठून करायची, लय कुठे सैल सोडायची, हे सगळं एकमेकांकडे बघून, श्वासाच्या आणि कमानीच्या इशाऱ्यावर ठरतं. मुळात हे घरातल्या दिवाणखान्यात वाजवायचं संगीत. श्रोते असले तर असले. आपल्या बैठकीशी त्याचं नातं जुळतं ते इथे. बाकी फरक पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे येऊच.

नॉर्डिक देश म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलंड. पाचांची लोकसंख्या मिळून तीन कोटींच्या आत, म्हणजे एकट्या तेलंगणापेक्षाही कमी. युरोपच्या संगीतात हे देश बराच काळ कडेला होते. शिकायचं तर जर्मनीत जायचं, लाइपझिगला नाही तर बर्लिनला, आणि परत येऊन जर्मन वळणाचं लिहायचं. नॉर्वेचा एडवर्ड ग्रीगही पंधराव्या वर्षी लाइपझिगलाच गेला. तिथून सुटल्यावर तो कोपनहेगनला आला तेव्हा तिथल्या संगीतसृष्टीत नील्स गाडे यांचा शब्द चाले. मोठी संस्था त्यांच्या हाती, अभिरुची प्रस्थापित, तरुणांना आणि नव्या रचनांना जागा बेताचीच. म्हणून १८६५ साली तरुण ग्रीग, सी. एफ. ई. हॉर्नमन, रिकार्ड नूरद्राक आणि त्यांच्या मित्रांनी ‘युटर्पी’ नावाची मंडळी जमवली. उद्देश एकच: स्कँडिनेव्हियातल्या नव्या रचना आपणच वाजवायच्या. नूरद्राक पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये वारला, तेविसाव्या वर्षी. संस्थाही फार काळ टिकली नाही. पण वादक-रचनाकारांनी एकत्र येऊन आपल्या भागातल्या संगीतासाठी मैफलींची मालिका चालवायची, ही रीत तिथे पडली.

ग्रीगने हेच काम म्हातारपणी मोठ्या प्रमाणावर केलं. १८९८ च्या उन्हाळ्यात त्याने आपल्या जन्मगावी, बर्गेनला, केवळ नॉर्वेच्या रचनांचा महोत्सव भरवला. त्यासाठी वाद्यवृंद आणला तो थेट अ‍ॅमस्टरडॅमहून, विलेम मेंगेलबर्ग याच्या हाताखालचा कॉन्सर्टगेबाउ. देशात एकच गहजब झाला. नॉर्वे तेव्हा स्वीडनच्या राजाखाली होता, राष्ट्रभावना पेटलेली होती, आणि अशा वेळी नॉर्वेचं संगीत डच लोकांनी वाजवायचं! ग्रीग मागे हटला नाही. आपलं संगीत आपल्या लोकांनी उत्तम वाजवलेलं ऐकावं, वाजवणारा कुठला हे दुय्यम, असं त्याचं म्हणणं होतं. महोत्सव दणक्यात झाला. एखाद्या समितीच्या हाती हे प्रकरण असतं तर डच वाद्यवृंद आला नसता, याविषयी मला फारशी शंका वाटत नाही. समितीला लोकांची नाराजी सांभाळावी लागते. ग्रीगला बेसूर सांभाळायचा नव्हता.

कलाकाराच्या हाती सूत्रं असण्याचा हा पहिला फायदा. तो हट्टी असतो, आणि त्याचा हट्ट सुराबद्दलचा असतो.

आपल्याकडचं याचं ठळक उदाहरण मराठी वाचकाला पाठ आहे. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि १९५३ पासून भीमसेन जोशींनी पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. योगायोग असा की बर्गेनचा आजचा आंतरराष्ट्रीय महोत्सवही १९५३ चाच. भीमसेन स्वतः महोत्सवात शेवटी गात. पुण्याचा हा महोत्सव एवढा प्रचंड झाला की त्याचं मूळ लोक विसरतात. मूळ हे की एका शिष्याने गुरूची पुण्यतिथी केली. तिकडे गुरूच्या गावी, कुंदगोळला, नाडगीर वाड्यात गंगूबाई हनगल वर्षानुवर्षं सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीची बैठक करत. याच वाड्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी तालीम दिलेली. लाकडी खांब, खाली बैठक, रात्रभर गाणं. युरोपातले लोक ज्याला चेंबर म्हणतात ते याहून वेगळं काही नाही.

दुसरं उदाहरण तितकं पाठ नाही आणि ते हैदराबादशी जास्त जवळचं आहे. जगन्नाथबुवा पुरोहित, म्हणजे ‘गुणीदास’, यांचा जन्म हैदराबादचा. आग्रा घराण्याची तालीम घेतलेला हा मराठी गवई तबल्यातही जाणकार होता. जोगकंस हा आज सर्रास गायला जाणारा राग त्यांचा. राम मराठे, जितेंद्र अभिषेकी, यशवंतबुवा जोशी, माणिक वर्मा अशी शिष्यमंडळी त्यांच्याकडे तयार झाली. चिं. रा. व्यास त्यांतलेच. व्यासांचा जन्म १९२४ चा, उस्मानाबादचा, म्हणजे तेही निजामाच्या मुलखातलेच. बुवा १९६८ साली गेले आणि १९७७ पासून व्यासांनी मुंबईत गुणीदास संगीत संमेलन सुरू केलं. निजामाच्या राज्यातला गुरू, निजामाच्या राज्यातला शिष्य, आणि संमेलन मुंबईत. मराठवाड्याच्या आणि हैदराबादच्या बऱ्याच मराठी गुणवंतांचं असंच झालं. सुलतान बाजार, काचीगुडा, कोठी या भागांतल्या मराठी घरांत पेटी-तबला होता, विवेक वर्धिनीसारखी संस्था विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती, नाटकं होत होती. पण गाण्यावर पोट भरायचं तर रस्ता मुंबई-पुण्याकडे जाई.

दरबार होता ना, असं कुणी विचारेल. होता. दिल्लीचे तानरस खाँ, ज्यांचं नाव कव्वाल बच्चे परंपरेत आजही कानाला हात लावून घेतात, ते १८५७ नंतरच्या उलथापालथीत अखेर हैदराबादला आले आणि इथेच वारले. सातव्या निजामाचे धाकटे पुत्र मुअज्जम जाह ‘शजीअ’ या नावाने शायरी करत आणि हिल फोर्ट पॅलेसमधल्या त्यांच्या मैफली रात्र उलटून जाईपर्यंत चालत. त्या दरबारात गायलेले गझलगायक विठ्ठल राव २०१५ पर्यंत हयात होते. म्हणजे राजाश्रयाचा काळ फार लांबचा नाही. पण दरबारातलं गाणं ऐकायला मिळे कुणाला? ज्याला आमंत्रण आहे त्याला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, १९५६ साली राज्याचे तीन तुकडे झाले, नवाबांच्या देवड्यांची रया गेली. बडे गुलाम अली खाँ १९६८ साली बशीरबाग पॅलेसमध्ये वारले, तेव्हा एका मोठ्या गवयाला आपल्या वाड्यात ठेवून घेणाऱ्या नवाबांची ती पिढी जवळजवळ शेवटची होती. चारच वर्षांनी जसराजांचा समारोह सुरू झाला. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण शहराच्या दृष्टीने पाहिलं तर यजमानपद नवाबाकडून गवयाकडे आलं ते याच सुमारास.

जसराजांच्या लहानपणाची एक गोष्ट त्यांनीच अनेकदा सांगितलेली आहे. हैदराबादेत शाळेच्या वाटेवर एक हॉटेल होतं. तिथे बेगम अख्तर यांच्या गझलेची तबकडी लागायची. हा मुलगा शाळा बुडवून हॉटेलाच्या बाहेर बसून राही. आत जाऊन चहा घ्यायला पैसे नसत, पण रस्त्यावर ऐकायला कोण हरकत घेणार? समारोह विनातिकीट का, याचं उत्तर शोधायला मला यापेक्षा लांब जावंसं वाटत नाही. दरबाराच्या उंबरठ्यावरून बाप परत गेला आणि मुलाला गाणं भेटलं ते फूटपाथवर.

पुढे हा समारोह काही वर्षं चौमहल्ला पॅलेसच्या प्रांगणात झाला. चौमहल्ला म्हणजे आसफजाही घराण्याची गादी. निजामांचे राज्यारोहणाचे सोहळे इथल्या खिलवत मुबारकमध्ये होत. आत बेल्जियमची झुंबरं, समोर हौद, आणि हौदाच्या कडेने खुर्च्या टाकून बसलेले लोक: जुन्या शहरातले, सिकंदराबादचे, माधापूरला नोकरी करणारे. ज्यांच्या बापजाद्यांना या दरवाजातून आत सोडलं नसतं, असे बहुतेक. मोतीरामांच्या नावाचा फलक त्या प्रांगणात लागला, याचं मोल केवळ गाण्यापुरतं नाही.

आता साथीदारांविषयी. संगीतकारांनी चालवलेल्या मैफलींबद्दल लिहिणारे हा मुद्दा बहुधा सोडून देतात, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जसराज मुळात तबलजी. भाऊ प्रतापनारायण यांनी तबला शिकवला, मणिरामांना साथ करण्यात लहानपण गेलं. १९४५ च्या सुमारास लाहोरला एका कार्यक्रमात तबलजीची जागा गवयाच्या खाली, खोलगट केलेली होती. मुलाने हरकत घेतली तेव्हा तबलजीने तिथेच बसायचं असतं असं उत्तर मिळालं. त्याच मुक्कामात रागावरून वाद झाला आणि तू मेलेलं कातडं बडवतोस, तुला रागातलं काय कळतं, असं ऐकून घ्यावं लागलं. जसराजांनी तबला सोडला, गायला येईपर्यंत केस कापणार नाही असा पण केला आणि गवई झाले. १९५२ मध्ये नेपाळचे राजे त्रिभुवन यांच्या दरबारात त्यांनी पहिली मोठी मैफल केली.

ज्याने त्या खळग्यात बसून वाजवलं आहे असा माणूस जेव्हा कार्यक्रम आखतो, तेव्हा तबलजीची बैठक कुठे, त्याला ध्वनिक्षेपक कसा, त्याचं नाव पत्रिकेवर कोणत्या अक्षरात, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. आपल्या मैफलींतली उतरंड काही एका माणसामुळे मोडली नाही. आजही मानधनाची तफावत पाहिली तर वाईट वाटावं अशी स्थिती आहे. पण हा प्रश्न कलाकारच ओळखू शकतो, कारण त्याने तो भोगलेला असतो. नॉर्डिक चेंबर संगीत इथे आपल्याला डिवचतं. चौघांच्या ताफ्यात साथीदार नावाचा प्राणीच नाही. दुसरा व्हायोलिन हा पहिल्याचा नोकर नव्हे; चेलो तळाशी असला तरी चौथा भागीदार असतो, मिळकतही चौघांत सारखी वाटून घेण्याची रीत आहे. डेन्मार्कचा कार्ल निल्सन १८८९ पासून १९०५ पर्यंत कोपनहेगनच्या शाही वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या ओळीत बसून वाजवत होता. पुढे देशाचा सर्वांत मोठा रचनाकार म्हणून मान्यता मिळाली तरी रांगेत बसलेल्या वादकाचं मन त्याला ठाऊक राहिलं.

निल्सनच्या सुषिर पंचकाची गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी आहे. १९२१ साली त्याने एका पियानोवादक मित्राला फोन केला. फोनमध्ये मागे मोत्सार्टचं काहीतरी वाजत होतं: कोपनहेगनच्या सुषिर वादकांची तालीम त्या घरी चालली होती. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बॅसून. निल्सनला राहवेना. ते ऐकून त्याने १९२२ साली त्याच पाच जणांसाठी रचना केली आणि प्रत्येक वाद्याला वाजवणाऱ्याचा स्वभाव दिला. कोण खट्याळ, कोण चिडका, कोण शांत, हे मित्रमंडळींना ऐकताच कळावं अशी. शेवटचा भाग म्हणजे त्याच्याच एका भक्तिगीताच्या चालीवरचे फेर आहेत, ज्यात एकेकाला पुढे यायची संधी मिळते. आपल्याकडे एखादा गवई ‘आज सारंगीवर अमुक आहेत तर ही चीज घेऊ’ म्हणतो, तो असाच विचार करत असतो. फरक इतकाच की आपलं त्या रात्री हवेत विरून जातं आणि निल्सनचं कागदावर राहिलं.

कागदाची गोष्ट निघालीच आहे तर ग्रीगकडे पुन्हा एकदा जाऊ. नॉर्वेत हार्डांगर फिडल नावाचं लोकवाद्य आहे. दिसायला व्हायोलिन, पण वाजवायच्या चार तारांखाली आणखी चार-पाच तारा असतात. त्यांना कमान लागत नाही. वरच्या सुरांनी त्या आपोआप निनादतात. म्हणजे आपल्या सारंगीच्या, सतारीच्या तरफाच! ज्याने तरफांचा झंकार जवळून ऐकला आहे त्याला हे वाद्य पहिल्या ऐकण्यात परकं वाटत नाही. टेलेमार्कचा क्नुट डाले हा म्हातारा वादक काळजीत होता: जुन्या नृत्यधुना, ज्यांना तिथे ‘स्लोट’ म्हणतात, आपल्याबरोबर जाणार. त्याने ग्रीगला पत्रं लिहिली. अखेर १९०१ साली योहान हाल्वोर्सन या व्हायोलिनवादकाने त्याला समोर बसवून सतरा धुना उतरवून घेतल्या, आणि ग्रीगने त्या पियानोसाठी बांधल्या. १९०३ मध्ये त्या छापल्या गेल्या. याच सुमारास इकडे विष्णु नारायण भातखंडे उस्तादांच्या मागे लागून चिजा गोळा करत होते. भातखंड्यांना काही उस्तादांनी झुलवलं, काहींनी दिलदारपणे दिलं. डालेने मात्र आपण होऊन हात पुढे केला, हे मला फार विलक्षण वाटतं. उतरवून घेतलेल्या धुनेत फिडलचा आणि तरफांचा नाद राहत नाही. पियानोत तर मुळीच नाही. ग्रीगने तो नाद अडखळत्या, कडवट स्वरमेळांनी सुचवायचा प्रयत्न केला. तो जमला की नाही यावर जाणकारांत आजही एकमत नाही. मला स्वतःला काही धुनांत जमलेला वाटतो, काहींत पियानो फारच पियानोसारखा वाजतो.

आजच्या पिढीत डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेट हा चौघांचा ताफा कागदावरच्या रचना आणि लोकधुना या दोन्ही वाटांवरून चालतो. तिघे डेन्मार्कचे, चेलोवादक नॉर्वेचा. बेथोव्हेन वाजवता वाजवता ते लग्नातल्या आणि खलाशांच्या जुन्या चाली घेतात, त्या चौघांसाठी बांधतात, आणि कोपनहेगनमध्ये स्वतःचा छोटा महोत्सव स्वतःच भरवतात. पाहुणे वादक कोण, कुणाबरोबर काय वाजवायचं, हे त्यांचं तेच ठरवतात. त्यांच्यावरचा लेख या पुस्तकात सर्वांत मोठा आहे, आणि तो तसा असणं बरोबर आहे.

फिनलंडच्या कुहमोचं प्रकरण वाचताना हैदराबादच्या वाचकाने नकाशा जवळ ठेवावा. रशियाच्या सरहद्दीला चिकटलेलं, जंगलातलं, काही हजार वस्तीचं गाव. १९७० साली सेप्पो किमानेन या तरुण चेलोवादकाने तिथे जुलैमध्ये चेंबर संगीताचा महोत्सव सुरू केला. व्हायोलिनवादक पत्नी योशिको अराई सोबतीला होत्या. सुरुवातीला सभागृह कसलं, शाळेतच मैफली व्हायच्या. वेगळं कलाकेंद्र उभं राहायला १९९३ उजाडलं. जुलैत तिथे रात्र अशी होतच नाही, त्यामुळे शेवटची मैफल संपून माणसं घरी निघतात तेव्हाही बाहेर उजेड असतो. उन्हाळी सुट्टी, गावची शाळा, वर्गात तालीम करणारे जगातले उत्तम वादक, आणि श्रोत्यांत लाकूडतोड्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे. पुण्यात रमणबागेच्या मैदानावर सवाई वर्षानुवर्षं रंगला तोही शाळेच्याच आवारात. संगीताला शाळा का मानवते हे मला सांगता येणार नाही, पण मानवते खरी.

इथे एक आक्षेप मीच घेतो, म्हणजे वाचकाला घ्यावा लागणार नाही. हजारोंच्या समुदायापुढे ध्वनिवर्धकावर झालेल्या समारोहाला चेंबर संगीताच्या शेजारी बसवणं कितपत योग्य? नाडगीर वाड्यातल्या बैठकीत गवयाला समोरच्याचा चेहरा दिसतो. मान कुठे हलली, कोण तालाला चुकला, सगळं दिसतं, आणि त्याप्रमाणे गाणं वळण घेतं. मैदानात दिवे डोळ्यांवर असतात आणि दिसतो फक्त अंधार. ख्यालातली बारीक मींड, तंबोऱ्याच्या जव्हारीतून उठणारा स्वयंभू गंधार, हे तिथे हरवतं. जसराजांच्या गायकीत स्वरमंडळाचा झंकार आणि खर्जाकडे हळूच उतरणं याला मोठं स्थान होतं. ते जवळून ऐकावं असंच होतं. मोठ्या समारोहांनी नवे श्रोते आणले हे कबूल, पण टाळीची सवयही त्यांनीच लावली. तिहाई आली की टाळी, तान लांबली की टाळी. बैठकीत ‘क्या बात’ एवढा उद्गार पुरायचा. नॉर्डिक महोत्सव मोठे झाले तरी दालन लहान ठेवतात: नॉर्वेच्या रिसोरला सतराव्या शतकातलं लाकडी चर्च हेच मुख्य सभागृह, आणि जागा भरली की भरली. त्यामुळे तिकिटं महाग होतात, बरेच जण बाहेर राहतात, म्हणजे दरबाराचा दोष मागच्या दाराने आत येतो. विनातिकीट गर्दी की मोजक्यांची बैठक, यात माझा कौल बैठकीकडे जातो. पण हॉटेलबाहेर बसलेला तो मुलगा आठवला की तो कौल डळमळतो, हेही खरं.

हैदराबादला मध्यम मार्ग सोपा आहे. शहरात देवड्या, बारादऱ्या, जुन्या शाळांची सभागृहं, मराठी संस्थांचे दिवाणखाने अजून उभे आहेत. दोनशे माणसं बसतील आणि माईकशिवाय सारंगी ऐकू जाईल अशा जागा हव्या तर सापडतील. कुणी तरुण गवई किंवा वादक पुढे आला तर पैशापेक्षा त्याला तारखा आणि सतरंज्या जास्त लागतील.

अशी मालिका सुरू होते एका माणसाच्या जिद्दीवर, आणि तो गेल्यावर तिचं काय, हा प्रश्न सगळीकडे येतो. कुहमोची सूत्रं किमानेननंतर व्लादिमीर मेंडेलसोन या व्हिओलावादकाकडे गेली, म्हणजे रुमानियात जन्मलेल्या परक्या माणसाकडे. २०२१ साली ते वारल्यावर मिना पेन्सोला आणि आन्ती तिक्कानेन हे व्हायोलिनवादक जोडपं आलं. आधीच्या सूत्रधाराशी नातं कुणाचंच नव्हतं. वादक चांगला आणि विचार पक्का, एवढं पुरलं. आपल्याकडे वारसा घरात राहतो. सवाई महोत्सव भीमसेनांनंतर मुलगा श्रीनिवासने सांभाळला, गुणीदास संमेलन व्यासांच्या सुहास आणि सतीश या मुलांनी. दोन्ही ठिकाणी मुलं स्वतः गाणारी-वाजवणारी, त्यामुळे धागा तुटला नाही, आणि पुण्यतिथी करायची तर ती घरच्यांनीच करणं आपल्याला शोभूनही दिसतं. घराण्याच्या समारोहात दुसऱ्या घराण्याचं, अगदी वेगळ्या वळणाचं गाणं किती मोकळेपणाने येतं, एवढंच त्यात तपासत राहायला हवं. नॉर्वेचा पियानोवादक लेइफ उवे आन्सनेस १९९१ मध्ये सुरू झालेल्या रिसोरच्या महोत्सवाला पहिल्या वीसेक वर्षांत वाढवून तिथून बाजूला झाला आणि २०१६ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर रोसेन्डालला दुसरा महोत्सव मांडून बसला. रिसोरचा पहिला अजून चालू आहे. आपल्याकडे कुणी असं केलं असतं, तर पहिली दहा वर्षं भांडण नेमकं कशावरून झालं याचीच चर्चा चालली असती.